वेबसाइट कोणत्या भाषेत? आधी दुसऱ्या वर्षाचं बिल विचारा

गणपतीच्या दोन महिने आधी मंडळांना, दिवाळीच्या दीड महिना आधी दुकानांना आणि मे महिन्यात क्लासवाल्यांना वेबसाइट आठवते. मग कोटेशनं येऊ लागतात. लालबागच्या मसाला गल्लीतल्या एखाद्या दुकानदाराने तीन ठिकाणी विचारलं, तर एक कोटेशन ७० हजारांचं निघतं, दुसरं अडीच लाखांचं, आणि तिसरा म्हणतो की एकरकमी काही नको, महिन्याला भाडं द्या. तिन्हींवर ‘ई-कॉमर्स वेबसाइट, मोबाइलवर चालणारी’ एवढंच ठळक छापलेलं असतं. फरक असतो खालच्या बारीक ओळीत. एकावर वर्डप्रेस, दुसऱ्यावर लाराव्हेल, तिसऱ्यावर शॉपिफाय. दुकानदार ती ओळ सोडून देतो, कारण ती आपल्यासाठी नाही असं त्याला वाटतं. पुढच्या पाच वर्षांचा खर्च मात्र त्याच ओळीत असतो.

कोणती भाषा चांगली, हा वाद डेव्हलपर मंडळींनी खुशाल घालावा. पीएचपी, पायथन, जावास्क्रिप्ट, जावा, सी शार्प यांपैकी कशातही मसाला विकता येतो आणि कशातही वाईट वेबसाइट बनवता येते. पैसे देणाऱ्याने विचारायचं ते एवढंच: हे बनवणारा माणूस उद्या फोन उचलेनासा झाला, तर दुसरा कोण, किती दिवसांत आणि किती पैशांत हे काम हातात घेईल? या प्रश्नाचं उत्तर भाषा आणि फ्रेमवर्क (भाषेवर रचलेला तयार सांगाडा) बदललं की बदलतं, म्हणून तर निवड महत्त्वाची.

पुढचे बनवणावळीचे आकडे ढोबळ आहेत. गिरगाव ते दादर या पट्ट्यातल्या ग्राहकाकडे एकटा डेव्हलपर किंवा तीन-चार जणांचं छोटं ऑफिस जे मागतं, त्याच्या आसपासचे. (डेव्हलपर स्वतः बहुधा डोंबिवलीला किंवा विरारला राहतो. गिरगावच्या चाळीतली खोली त्याच्या वडिलांच्याच काळात सुटलेली असते.) लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींतली एजन्सी याच कामाचे तिप्पट मागेल. त्यातले बरेच पैसे बैठकांचे आणि भाड्याचे असतात.

मसाल्याच्या दुकानाचा हिशोब

समजा, दुकानाकडे चाळीस-पन्नास वस्तू आहेत: मसाले, चिवडे, लोणची. ऑनलाइन पैसे घ्यायचे आहेत आणि माल कुरियरने पाठवायचा आहे.

वर्डप्रेस आणि त्यावरचं वूकॉमर्स घेतलं, तर बनवणावळ ७० हजार धरा. डोमेन आणि होस्टिंगचे वर्षाला ८ हजार, विकतच्या प्लगइनांचे (जादा सोयींच्या जोडण्यांचे) ७ हजार, देखभालीचे महिना दीड हजार म्हणजे वर्षाला १८ हजार. पहिल्या वर्षाची देखभाल बनवणाऱ्याच्याच अंगावर टाकायची. तसा आग्रह धरावाच. मग पहिलं वर्ष ८५ हजारांचं आणि पुढची चार वर्षं दर वर्षी ३३ हजारांची. पाच वर्षांचे झाले २ लाख १७ हजार.

शॉपिफाय म्हणजे भाड्याचा गाळा. भाषेची कटकट आपल्याला दिसत नाही. मांडणीचे ३० हजार, महिन्याचं भाडं साधारण २ हजार, वरच्या एखाद-दोन ॲपचे महिना ५०० आणि डोमेनचे वर्षाला हजार. पाच वर्षांचे १ लाख ८५ हजार. स्वस्त वाटतं. पण शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही. त्यामुळे बाहेरचा पेमेंट गेटवे जोडावा लागतो आणि सर्वांत साध्या प्लॅनवर अशा व्यवहारांवर शॉपिफाय वेगळे २ टक्के घेतं. गेटवेचे साधारण २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी हे निराळेच. ते कुठेही गेलात तरी द्यायचेच आहेत. वर्षाला १० लाखांची ऑनलाइन विक्री झाली, तर शॉपिफायचे जादा २० हजार, पाच वर्षांत १ लाख. म्हणजे १ लाख ८५ हजारांचे २ लाख ८५ हजार झाले. गणित मांडून पाहिलं तर वर्षाला सव्वातीन लाखांच्या आसपास विक्री गेली, की भाड्याचा गाळा वर्डप्रेसपेक्षा महाग पडायला लागतो.

लाराव्हेल या पीएचपीतल्या फ्रेमवर्कमध्ये सगळं मुद्दाम बनवून घेतलं, तर सुरुवातीला अडीच लाख, सर्व्हरचे वर्षाला १२ हजार आणि दुसऱ्या वर्षापासून देखभालीचे ४० हजार. पाच वर्षांचे ४ लाख ७० हजार.

माझं मत सरळ आहे. सुरुवात करणाऱ्या दुकानाने भाड्याचा गाळा घ्यावा, विक्री वाढली की वूकॉमर्सवर जावं, आणि मसाला विकण्यासाठी लाराव्हेलच्या वाटेला जाऊ नये. कार्ट, पत्ता, कूपन, पावती हे सगळं वूकॉमर्समध्ये तयार मिळतं; ते पुन्हा लिहून घेण्याचे पैसे का द्यायचे? आणि ज्यांच्या निम्म्याहून जास्त ऑर्डरी व्हॉट्सॲपवरच येतात, त्यांना यातलं काहीच नको. फोटो, भाव आणि व्हॉट्सॲपचं बटण असलेली पाच पानं १५-२० हजारांत होतात.

जीएसटीचं एक लक्षात ठेवा. नोंदणी असलेला डेव्हलपर बिलावर १८ टक्के लावणारच. नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरणाऱ्या दुकानाला त्याची वजावट मिळते. कंपोझिशन योजनेत असलेल्याला मिळत नाही. त्याच्यासाठी ७० हजारांची वेबसाइट ८२ हजार ६०० रुपयांची असते. गिरगावातल्या पुस्तक प्रकाशकांचंही तेच दुखणं. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य, म्हणून खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावटही शून्य. कोटेशनांची तुलना करताना त्यांनी जीएसटीसकटचाच आकडा धरावा.

खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी एफएसएसएआय परवान्याचा क्रमांक, निव्वळ वजन आणि एमआरपी साइटवर दाखवायची असते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्कही द्यावा लागतो; तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात. दुकान छोटं असलं, तर हा अधिकारी म्हणजे मालक स्वतःच. यासाठी कुणी वेगळे पैसे मागत असेल, तर देऊ नका. हे चार ओळींचं काम आहे.

फ्रेमवर्कलाही मुदत असते

मसाल्याच्या पाकिटावर ‘वापरण्याची मुदत’ छापलेली असते. फ्रेमवर्कच्या प्रत्येक आवृत्तीलाही तशीच तारीख असते. फक्त ती कोटेशनवर कुणी छापत नाही.

ॲडोबीने फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद केलं, तेव्हा दागिन्यांच्या दुकानांच्या फिरत्या-चमकत्या पानांच्या जागी राखाडी चौकोन उरले. गूगलचं अँग्युलरजेएस एके काळी प्रत्येक कोटेशनवर असायचं. २०१६ मध्ये त्याचा नवा अवतार आला तो जुन्याशी जुळणारा नव्हता, आणि ३१ डिसेंबर २०२१ ला जुन्याचा आधार, म्हणजे दुरुस्त्या मिळणं, संपला. ज्यांनी त्यात काम करून घेतलं होतं, त्यांना ‘अपग्रेड’ या नावाखाली अख्खं काम पुन्हा करून घ्यावं लागलं. पीएचपीतलं ड्रुपल हे भरवशाचं नाव. मायबोली, मिसळपाव आणि ऐसी अक्षरे ही मराठी संकेतस्थळं त्यावरच वाढली. पण ड्रुपल ७ चाही आधार ५ जानेवारी २०२५ ला थांबला, आणि त्यापुढच्या आवृत्तीवर जाणं म्हणजे जवळजवळ नवं घर बांधणं. भरवशाचं नाव निवडलं म्हणजे कायमची सुटका झाली, असं नाही.

पीएचपीच्या प्रत्येक आवृत्तीला आता चार वर्षांचा आधार मिळतो. पायथनमधल्या जँगो या फ्रेमवर्कच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना तीन वर्षं, जावास्क्रिप्टच्या नोडच्या तशाच आवृत्त्यांना सुमारे अडीच वर्षं. लाराव्हेलची नवी आवृत्ती साधारण दर वर्षी येते आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या दोन वर्षं मिळतात. म्हणजे लाराव्हेलवरचं काम दर दोन वर्षांनी वर सरकवावं लागतं, आणि त्याला मूळ बनवणावळीच्या दहा-पंधरा टक्के तरी लागतात. वर्डप्रेसची ख्याती वेगळी. २००३ मध्ये आलेली ही व्यवस्था जुनं मोडू न देण्यासाठी फार जपते. तिथे बिघडतात ते प्लगइन. तीस प्लगइन लावून उभी केलेली साइट ७० हजारांची असली, तरी प्रत्यक्षात ती तीस अनोळखी लोकांच्या मर्जीवर चाललेली असते. दहा-बाराच्या वर प्लगइन दिसले, की प्रत्येकाचं कारण विचारावं.

म्हणून कोटेशनवर दोन गोष्टी लिहून घ्या: भाषेची आणि फ्रेमवर्कची आवृत्ती कोणती, आणि तिचा आधार कोणत्या महिन्यात संपतो. पीएचपी ७.४ चा आधार २८ नोव्हेंबर २०२२ लाच संपला, तरी ती अजूनही स्वस्त होस्टिंगवर सापडते. हा प्रश्न ऐकून डेव्हलपर गडबडला, तर तेवढ्यावरूनही बरंच कळतं.

रिॲक्टबद्दल थोडं बोलायला हवं, कारण हल्ली ते सगळ्यांनाच विकलं जातं. फेसबुकने २०१३ मध्ये ते खुलं केलं. सतत बदलणाऱ्या पडद्यांसाठी ते उत्तम आहे: चॅट, डॅशबोर्ड, सीट निवडण्याचा नकाशा. मिरची पावडरच्या पानावर मिनिटामिनिटाला काय बदलतं? तिथे रिॲक्ट म्हणजे ग्राहकाच्या फोनवर उगाच ओझं. करी रोडला गाडीत लटकून पान उघडणाऱ्याला ते ओझं लगेच जाणवतं. शिवाय शोधात नीट दिसावं म्हणून नेक्स्ट वगैरे वरची फ्रेमवर्क आणावी लागतात, आणि ती सांभाळणारा माणूस वर्डप्रेसवाल्यापेक्षा महाग असतो. डेव्हलपरला रिॲक्टच वापरायला आवडतं, कारण त्याच्या पुढच्या नोकरीच्या अर्जात ते शोभतं. त्याची हौस आपल्या बिलावर भागवायची की नाही, ते आपण ठरवायचं.

आता एक नवं कोटेशनही येऊ लागलंय: ‘एआयकडून करून देतो, १० हजारांत.’ कोड तसा निघतोही. पण दोन वर्षांनी त्यात हात घालणाऱ्याला तो वाचता यायला हवा, आणि एआयला प्रचलित भाषांतला कोड जास्त नीट लिहिता येतो, कारण तोच त्याने जास्त पाहिलेला असतो. म्हणजे फिरून मुद्दा तोच: आडवळणाची भाषा घेऊ नका.

मराठीची परीक्षा

हा भाग कोटेशनांत कधीच नसतो, आणि गिरगाव-दादरच्या ग्राहकाचे सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात.

गिरगावातल्या एखाद्या जुन्या प्रकाशन संस्थेचं उदाहरण घ्या. आठशे पुस्तकांची यादी तयार आहे, पण ती श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत, पेजमेकरच्या फायलींत. ती तशीच वेबसाइटवर टाकली की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. आधी सगळं युनिकोडमध्ये आणावं लागतं. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रफार, अर्धा र आणि जोडाक्षरं हमखास चुकतात आणि माणूस बसवून तपासावं लागतं. त्यामुळे हे काम वेबसाइटच्या रकमेत गृहीत न धरता पानांवर वेगळं ठरवा आणि वेबसाइटवाल्याऐवजी मुद्रितशोधकाला द्या. त्याला ते स्वस्तात आणि नीट जमतं.

मग शोधाची पेटी. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ मध्ये आलं. त्याआधीपासून लोक ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवत आले आहेत, आणि अजूनही बरेच कीबोर्ड तेच करतात. दोन्ही दिसायला सारखी, संगणकाच्या लेखी वेगळी. त्यामुळे ‘ॲकॅडमी’ असं शोधलं तर पुस्तक सापडत नाही आणि मालकाला वाटतं, साइटच बिघडली. ‘कुऱ्हाड’ आणि ‘तऱ्हा’ यांतला र दोन-तीन तऱ्हांनी टाइप होतो, तिथेही तेच. शोधण्यापूर्वी शब्द एका रूपात आणण्याची व्यवस्था कोणत्याही भाषेत करता येते. ती करायला सांगावी मात्र लागते. दोन-तीन दिवसांचं काम आहे. दहा-बारा हजार योग्य.

सगळ्यांत मोठा सापळा पीडीएफचा: पावत्या, बिलं, सभासद कार्डं. पीएचपीत पीडीएफ बनवण्यासाठी एफपीडीएफ आणि डॉमपीडीएफ या साधनांचा सर्रास वापर होतो, आणि दोन्हींना देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळवता येत नाहीत. ‘क्षीरसागर’चा ‘क्ष’ फुटतो, पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. एमपीडीएफला ते जमतं. पायथनमध्ये वीझीप्रिंटला जमतं. कुठल्याही भाषेतून क्रोम ब्राउझर पडद्यामागे चालवून पीडीएफ काढली, तरी जमतं. ॲडव्हान्स देण्याआधी ‘ज्ञानेश्वर श्रीकृष्ण कुऱ्हाडे’ या काल्पनिक नावाची एक पावती पीडीएफमध्ये मागवा. पाच मिनिटांची ही परीक्षा पुढचे दोन महिने वाचवते.

डेटाबेसचंही एक. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ-८’ नावाचा जुना प्रकार निवडला तर मराठी नीट साठते, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत मावतं. इमोजीला मात्र चार लागतात. ग्राहकाने पत्त्याखाली हात जोडल्याची खूण टाकली, की ऑर्डर अडते. ‘यूटीएफ-८-एमबी-४’ हवं, एवढं सांगून ठेवा.

अक्षरांसाठी पैसे देऊ नका. मुंबईच्याच एक टाइपने केलेले मुक्त आणि बलू, गूगलचा नोटो हे फाँट मोफत वापरता येतात. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील, तर टीरो देवनागरीची मराठीसाठी वेगळी आवृत्ती आहे, तीही मोफत. अक्षरांपायी भाषा किंवा फ्रेमवर्क बदलावं लागतं असं कुणी सांगितलं, तर ते खोटं.

मंडळाची साइट: अकरा महिने सुनी, दहा दिवस तुडुंब

गिरगावात केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये मुंबईतला सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. लालबागचा राजा १९३४ चा. आज लहानसहान गल्लीतल्या मंडळालाही वेबसाइट, थेट दर्शन आणि ऑनलाइन वर्गणी हवी असते. आणि मंडळाकडे लाखभर रुपये बाजूला काढलेत असा सुगावा लागला, की कोटेशनही नेमकं तेवढ्याचंच येतं.

मंडळाच्या साइटवर खरं तर काय असतं? इतिहास, कार्यक्रमपत्रिका, फोटो, आरोग्य शिबिराची माहिती, अहवाल. यातलं काहीच मिनिटामिनिटाला बदलत नाही. म्हणून इथे भाषा आणि डेटाबेस दोन्ही टाळावेत. साधी एचटीएमएल पानं तयार करून ती क्लाउडफ्लेअरसारख्या सेवेवर ठेवली, तर होस्टिंगचा खर्च शून्य आणि दहा दिवसांची गर्दी आली तरी साइट बसत नाही. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवरची वर्डप्रेस साइट मात्र पहिल्याच संध्याकाळी आरतीच्या वेळी झोपते. थेट दर्शन स्वतःच्या सर्व्हरवरून दाखवण्याचा विचारही करू नका. मोठी मंडळंही ते यूट्यूबवरूनच दाखवतात, फुकट. बनवणावळ १५ ते ३० हजार, डोमेनचे वर्षाला हजाराच्या आत. अट एकच: मजकूर बदलायला कार्यकर्त्यांपैकी एकाला शिकवून ठेवायचं. तसा कुणी नसेल, तर वर्डप्रेस घ्या, पण पुढे कॅशिंग (पानांच्या तयार प्रती दाखवण्याची सोय) लावून.

वर्गणीची गोष्ट निराळी. ती तांत्रिक कमी आणि कागदोपत्री जास्त. नोंदणी नसलेल्या मंडळाला उत्सवासाठी पैसे गोळा करायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. ते कार्यालय वरळीला. पेमेंट गेटवे पॅन, नोंदणी किंवा परवानगी आणि मंडळाच्याच नावाचं बँक खातं मागतो. खजिनदाराच्या वैयक्तिक खात्यावर गेटवे घेऊ नये, कितीही घाई असली तरी. आणखी एक: गेटवेवर परदेशी कार्डं बंद ठेवा. परदेशी नागरिकाची देणगी एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी नसताना घेता येत नाही. न्यू जर्सीतला आपला माणूस भारतीय पासपोर्टवर असेल तर चालतं, तिथला नागरिक झाला असेल तर नाही, आणि कार्डावरून ते कळत नाही. कागदांना वेळ लागतो, म्हणून हे काम आषाढातच हाती घ्या. वेबसाइट श्रावणात झाली तरी चालेल.

जिथे लाराव्हेल किंवा जँगो हवंच

दादरचं मंगल कार्यालय घ्या. एकच मुहूर्त दोन पार्ट्यांना जाता कामा नये. सकाळचं लग्न आणि संध्याकाळचं स्वागत वेगवेगळ्या दराने, अनामत, रद्द केल्यास किती परत, केटरर आतला की बाहेरचा, मुंज असेल तर अर्धा दिवस. हे नियम प्रत्येक कार्यालयाचे स्वतःचे असतात आणि तयार प्लगइनमध्ये ते कोंबायला गेलं, की प्लगइनच्या पोटात शिरून बदल करावे लागतात. मग पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जातं. अशा ठिकाणी मुद्दाम बनवलेलंच स्वस्त पडतं. परळला रुग्णांच्या नातेवाइकांसाठी खोल्या देणाऱ्या संस्था, वाचनालयांची सभासद वर्गणी, पॅथॉलॉजीचे रिपोर्ट यांचंही तसंच.

यात लाराव्हेल की जँगो? काम दोन्हींत होतं. जँगोचा जन्म अमेरिकेतल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला आणि २००५ मध्ये ते खुलं झालं. त्यामुळे कचेरीतल्या माणसाने नोंदी करायचे पडदे त्यात जवळजवळ आपोआप मिळतात. कार्यालयाच्या मॅनेजरला तारखा, पार्ट्या, पावत्या दिसण्यापुरतं ते पुरतं, आणि तेवढी बनवणावळ वाचते. लाराव्हेलची बाजू अशी की पीएचपी जाणणारा माणूस ठाण्यापासून विरारपर्यंत कुठेही आणि कमी पैशांत मिळतो, होस्टिंगही स्वस्त. माझा कल असा: तुमचा स्वतःचा माणूस रोज आतले पडदे वापरणार असेल तर जँगो, बाहेरच्या ग्राहकांचा वावर जास्त असेल तर लाराव्हेल. खर्च दीड ते चार लाख, आणि दर वर्षी त्याच्या १५-२० टक्के देखभाल. डॉटनेट आणि जावा इथे नको. ती बँकांची आणि विमा कंपन्यांची साधनं आहेत आणि त्यांची माणसंही त्याच भावाची.

क्लासवाल्यांचं थोडक्यात. परीक्षा, नोट्स आणि हजेरीसाठी मूडल हे पीएचपीतलं मोफत सॉफ्टवेअर २००२ पासून आहे. ते लावून, मराठीत करून द्यायचे ३०-४० हजार फार झाले.

रुग्णांचे रिपोर्ट, सभासदांचे फोन नंबर असं काही साठवणार असाल, तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तुम्हालाही लागू होतो, फक्त डेव्हलपरला नव्हे. ग्राहकाचे कार्ड क्रमांक साठवून ठेवतो असं कुणी म्हणाला, तर त्याला काम देऊच नका. रिझर्व्ह बँकेने ते १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्यांना बंद केलं आहे.

पैसे दिले म्हणजे कोड तुमचा झाला, असं नाही

दुकानाची पाटी रंगवून घेतली की पाटी आपली, तसंच सगळे इथेही धरून चालतात. १९५७ चा कॉपीराइट कायदा तसं म्हणत नाही. कंपनीच्या पगारी नोकराने लिहिलेल्या कोडचा पहिला मालक कंपनी असते. पण बाहेरच्या डेव्हलपरने पैसे घेऊन लिहिलेल्या कोडचा पहिला मालक तो डेव्हलपरच, लेखी हस्तांतरण होईपर्यंत. आणि हस्तांतरणाच्या कागदावर मुदत लिहिली नाही, तर कलम १९ नुसार ती पाच वर्षांचीच धरली जाते. प्रदेश लिहिला नाही, तर फक्त भारतापुरतं. म्हणून करारात ‘या कामाचे सर्व हक्क, जगभरासाठी, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी’ अशा अर्थाचं वाक्य वकिलाकडून घालून घ्या. हजार-दोन हजारांत होतं. वर्डप्रेस, लाराव्हेल, जँगो हे मूळ सांगाडे खुल्या परवान्यांचे असल्यामुळे ते तुमच्या मालकीचे होत नाहीत आणि व्हायची गरजही नाही. प्रश्न त्यावर लिहिलेल्या भागाचा आहे. डेव्हलपरने मजकूर सांभाळायला स्वतःचं ‘खास’ सॉफ्टवेअर (सीएमएस) वापरलं असेल, तर मात्र सावध राहा. तो गेला की त्या सीएमएसचा जाणकार जगात दुसरा नसतो. स्वस्तातली सर्वांत महाग निवड तीच.

डोमेन तुमच्या नावाने, तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डाने घ्या. डॉट इन वर्षाला ५०० ते हजार रुपयांच्या घरात मिळतं. पहिल्या वर्षी ९९ रुपयांत देणाऱ्याचा दुसऱ्या वर्षाचा भाव आधी पाहा. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं. हौस म्हणून जरूर घ्या, पण जाहिरातीवर डॉट इनच छापा, कारण काउंटरवर उभं राहून देवनागरी पत्ता टाइप करणारे अजून थोडेच. एसएसएल प्रमाणपत्रासाठी वर्षाला दोन-तीन हजार लावलेले दिसले, तर ओळ खोडा; लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र मोफत आहे आणि बहुतेक होस्टिंग ते आपणहून लावतं.

हप्ते पाडताना सुरुवातीला ३० टक्के, डिझाइन आणि मराठीच्या परीक्षा पार पडल्यावर ३०, साइट सुरू झाल्यावर २०. राहिलेले २० टक्के साइट सुरू झाल्याच्या आनंदात देऊन टाकू नका. डेव्हलपरने पूर्ण बॅकअप आणि कोड तुमच्या हाती द्यायचा, आणि त्यातूनच साइट दुसऱ्या एखाद्या स्वस्त होस्टिंगवर तुमच्यासमोर उभी करून दाखवायची, मगच ते द्यायचे. वर्डप्रेसला या प्रात्यक्षिकाला दुपार पुरते, लाराव्हेल-जँगोला एक दिवस. त्याला आठवडा मागावा लागला, तर तुमच्या पुढच्या डेव्हलपरलाही तेवढाच लागेल, आणि त्याचं बिल तुम्हालाच येईल.